तोंड भिंतीकडे

बस साडेदहाला येणार होती, आली पावणेबाराला,
रात्रभर चालून. टपावर सतरंज्या, पातेली, एक हंडा,
खिडक्यांखाली वाळलेल्या ओकारीचे ओघळ.
चव्वेचाळीस पोरं सिव्हिल लाइन्सच्या उन्हात उतरली
आणि गेटपाशीच दोन रांगांत उभी राहिली, कुणी न सांगता.
नागपूरच्या शाळा अशा उभ्या राहत नाहीत.

बोदलकर सर म्हणाले, मॅडम, लवकर आटपा बाप्पा,
दीडला महाराजबाग आहे, मग दीक्षाभूमी, मग फुटाळा,
पोरांनी सकाळपासून नुसता चिवडा खाल्ला आहे.
मी म्हटलं, पाऊण तासात दाखवते सगळं.
सगळं म्हणजे दगड, नाणी, तलवारी, पेंढा भरलेले प्राणी.
अकरा वर्षं झाली कंत्राटावर,
ही वाक्यं मला पाठ आहेत
जशी दूधवाल्याच्या सायकलीला घरं.

हात लावू नका. काचेला टेकू नका.
पुढे चला. प्रश्न शेवटी.

वाघापाशी नेहमीची रेटारेटी झाली नाही.
एका पोरानं विचारलं, हा कुठं मेला?
मला सन ठाऊक होतं. गाव नव्हतं.

मग ते दालन, 'आदिवासी जीवन',
जिथे ट्यूबलाइट एक सोडून एक लागते.
मी सुरू केलं: हे लोक जंगलात राहत असत.
हे लोक मोहाची फुलं वेचत असत.
हे लोक बांबूच्या अशा सापळ्यानं मासे धरत असत.
पोरं माझ्याकडे बघत होती, फार सभ्यपणे,
लग्नात कुणी आपलं नाव चुकीचं घेतलं
तरी आपण मान हलवतो, तशी.

मागून एक मुलगी पुढे आली. चिन्नी पल्लो, सहावी,
स्वेटरची वरची दोन बटणं गेलेली.
सापळ्याचं नाव तिनं तिच्या भाषेत सांगितलं.
मी दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा सगळी हसली.
मग म्हणाली, मॅडम, हे उलटं लावलं आहे.
तोंड भिंतीकडे आहे.
मासा येईल कुठून?

सरांनी डोळे वटारले. मी वाकून पाहिलं.
अकरा वर्षांत त्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासलं होतं,
लांबी, रुंदी, नोंद क्रमांक.
तोंड कधी पाहिलं नव्हतं.

म्हटलं, पाणी कुठून येतं ते दाखव.
तिनं फरशीवर सगळ्यांच्या चपला रचल्या, दोन काठ झाले.
तिघं दगड होऊन बसली.
पाणी दाराकडून निघालं, पंख्याखाली वळलं,
आणि मासा कोण, यावर भांडण पेटलं.
शेवटी मला मासा केलं.
वय बेचाळीस, गळ्यात ओळखपत्र,
मी चपलांमधून चालत गेले
आणि धरली गेले.
बाबानं परवाच दोन धरले, कुणीतरी म्हणालं,
याच्यापेक्षा मोठे.

महाराजबाग हुकली.
अभिप्राय वहीत बोदलकर सरांनी लिहिलं:
भेट उत्तम झाली. खूप माहिती मिळाली.
कुणाला, ते लिहिलेलं नाही.

संध्याकाळी अर्ज केला. विषय: वस्तू सरळ करणेबाबत,
तसेच पाटीवरील 'धरत असत' खोडून 'धरतात' करणेबाबत.
साहेब म्हणाले, काच उघडायला परवानगी वरून लागते.
फाइल वर गेली आहे.
तिचं तोंड कुणीकडे आहे, कळत नाही.

उद्या धरमपेठची शाळा आहे, साठ मुलं.
ती बूट घालून येतात.
काठ उंच होतील.